तांबखडीची रेंज

तांबखडी गावचा मोबाइल टॉवर म्हणजे केरबा खोराटे. वय एकाहत्तर, उंची पटक्यासकट सहा फूट.

कंपनीला लोखंडी टॉवरसाठी गावात जागा मिळाली नव्हती, तेव्हा ग्रामसभेने ठराव करून केरबांचे नाव दिले. त्याला नऊ वर्षे झाली. रोज सकाळी भाकरी खाऊन ते टेकाडावर जाऊन उभे राहत. गावात कोणीही फोन लावला की तो आधी केरबांच्या छातीत येई आणि तिथून पुढे जाई. एका वेळी बारा कॉल त्यांच्या अंगात मावत. तेराव्याला थांबावे लागे. कोण काय बोलते ते त्यांना कळत नसे, बरगड्यांत नुसती गुणगुण होई. कळले असते तरी त्यांनी ऐकले नसते. जेवायला घरी आले तर गावाला रेंज राही, पण ते परसात गेले की दोन कांड्या कमी होत.

शेजारच्या निवळे गावचा टॉवर सुबराव डोणे. एकाचे बोलणे दुसऱ्यात मिसळू नये म्हणून कंपनीने दोघांना लहरींचे वेगवेगळे पट्टे दिले होते. केरबांचाच पट्टा पाच गावे सोडून आणखी एकाला दिला होता. त्या माणसाला केरबांनी कधी पाहिले नव्हते. मध्ये एवढे अंतर होते म्हणूनच ते चालत होते.

सुबराव केरबांपेक्षा चार बोटे उंच होते. दोघे एका तालमीतले. तिथल्या एका कुस्तीपासून दोघांत बोलणे नव्हते.

श्रावणात कंपनीचे पत्र आले. तांबखडी आणि निवळे यांच्या शिवेवर महिन्यात एक्केचाळीस कॉल तुटले आहेत. मंगळवारी तपासणी होईल. तपासणीत कॉल तुटल्यास शिवेवर एकच लोखंडी टॉवर बसवून दोघांना कामावरून कमी करण्यात येईल.

कॉल का तुटत होते ते केरबांना ठाऊक होते. माणूस बोलत बोलत एका गावातून दुसऱ्या गावात निघाला, की ज्याच्याकडे कॉल आहे त्याने शिवेवर पुढच्याला सांगायचे, "आमची ताकद कमी पडते आहे, तुमची जास्त आहे, कॉल घ्यावा." पुढच्याने म्हणायचे, "घेतला." हे सांगणे टॉवरचे टॉवरला, छातीतल्या छातीत होई. नियमाचे वाक्य होते, त्यात शब्द बदलायची मुभा नव्हती. नऊ वर्षांत केरबांनी ते एकदाही म्हटले नव्हते. गावचा माणूस शीव ओलांडून गेला तरी ते टाचा उंचावून, दम कोंडून त्याचा कॉल धरून ठेवत. दोनशे पावलांवर तो आपोआप तुटे. तुटला तर तुटला, पण सुबरावपुढे कमी म्हटले नाही, एवढे समाधान राही. तिकडून सुबरावही तेच करत.

मंगळवारी सकाळी हौसाक्कांनी नवऱ्यापुढे भाकरी ठेवली.

"अवो, आज तरी म्हणणार का?"

"काय?"

"कमी पडतंय म्हणून."

"खोराट्यांचं कधी कमी पडलं न्हाई."

"पडलं न्हाई, तर एक्केचाळीस कुठं गेले? पाहुण्याला शिवंपातूर पोचवायचं आन् माघारी फिरायचं. तुम्ही त्याचं धोतर धरून पळताय. पाहुणा पुढं, धोतर तुमच्या हातात."

केरबा पाणी प्यायले आणि त्यांनी पटका बांधला. नेहमीपेक्षा एक वेढा जास्त घेतला.

तपासणीला मुजावर मॅडम आल्या. त्यांनी केरबांना टेकाडावर उभे केले, सावली कुठे पडते ते पाहिले आणि वहीत लिहिले.

"खोराटेकाका, मी ऑफिसला फोन लावून जीपने निवळ्याला जाते. कॉल तुटता कामा नये. तुटला तर माझ्या हातात काही नाही."

"बसा गाडीत," केरबा म्हणाले.

जीप निघाली. मॅडमचा कॉल बरगड्यांत स्वच्छ वाजत होता. ओढ्याच्या पुलावर तो निम्मा झाला. शिवेच्या दगडाशी डासाएवढा उरला. केरबांनी टाचा उचलल्या. मग त्यांनी त्या खाली टेकवल्या, मान ताठ केली आणि नियमाचे वाक्य पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटले.



"कोण बोलतंय?" सुबराव म्हणाले.

"तांबखडी."

"नीट ऐकू आलं न्हाई. 'कमी'च्या पुढचं पुन्हा बोल."

"ऐकू आलं न्हाई, तर तुझी ताकद जास्त कशी रं?"



"घेतला," सुबराव म्हणाले.

केरबांची बरगडी रिकामी झाली. कॉल न तुटता शिवेवर असे कधी झाले नव्हते. दुखले नाही.

जीप निवळ्याच्या चावडीला वळसा घालून माघारी फिरली. गेलेला माणूस परत येतो, हे सुबरावच्या ध्यानात आले नव्हते. आता कॉल त्यांच्याकडे होता आणि वाक्य त्यांना म्हणायचे होते. जीप शिवेशी आली. सुबरावनी टाचा उचलल्या. जीप शीव ओलांडून पन्नास पावले आत आली, मग शंभर. मॅडमचा कॉल सुबरावकडे खरखरू लागला. गाडीतून त्या मोठ्याने "हॅलो, हॅलो" करत असल्याचे केरबांना टेकाडावरून दिसले. नियमाने केरबांना मागता येत नव्हते. ज्याच्याकडे कॉल आहे त्यानेच द्यायचा. ते उभे राहिले. टोमणा मारला नाही, घसाही खाकरला नाही.

दीडशे पावलांवर सुबरावनी घाईघाईत, खालच्या आवाजात वाक्य म्हटले. 'कमी' हा शब्द तर पुटपुटलाच होता.

तो केरबांना लख्ख ऐकू आला. पुन्हा बोल म्हणायची आता त्यांची पाळी होती. जीप एकशे साठ पावलांवर होती.

"घेतला," केरबा तत्काळ म्हणाले. तांबखडीच्या हद्दीत आलेल्याला त्यांनी आजवर ताटकळत ठेवले नव्हते.

मॅडम टेकाडाखाली उतरल्या. कॉल अजून चालूच होता. त्यांनी वर पाहून हात केला आणि वहीत 'दोन्ही टॉवर कार्यरत' असे लिहिले. मग वर येऊन त्यांनी वही पुढे केली.

"काका, सही?"

"अंगठा चालतो?"

"चालतो."

केरबांनी अंगठा दाबून उठवला.

चारची एसटी निवळ्याकडे निघाली. आत तिघे जण फोनवर बोलत होते. गाडी शिवेच्या दगडाशी येताच केरबांनी दोन्ही पाय रोवले आणि साऱ्या माळाला ऐकू जाईल अशा आवाजात हाक दिली,

"निवळे! आमची ताकद कमी पडते आहे, तुमची जास्त आहे. तीन कॉल घ्यावे, आन् नीट धरा. माणसं तांबखडीची हायती."