तिसऱ्या कपाची घसरण

आइस्क्रीम कारखान्याच्या चव विभागात मावशींचं काम एकच होतं: एकामागून एक कप खायचे आणि प्रत्येक कपाला समाधानाचे गुण द्यायचे. नोकरी तात्पुरती. आजच्या चाचणीत गुण खाली आले नाहीत, तर त्या कायम होणार होत्या.

कप पहिला. शंभर गुण. मावशींनी डोळे मिटले. चमचाही चाटून स्वच्छ केला.

कप दुसरा. सत्तर. डोळे उघडे.

कप तिसरा. वीस. मावशी खिडकीबाहेर बघत होत्या.

व्यवस्थापक धावत आले. "मावशी, हे काय? तोच स्वाद, तेच दूध, तोच कप!"

"पण पोट तेच राहिलं नाही ना, साहेब."

"पोटाचं मला सांगू नका. कंपनीच्या धोरणानुसार समाधान कधीच घटत नाही. घटते ती खाणाऱ्याची निष्ठा."

कप चौथा. मावशींनी नुसते हात जोडले. त्याला किती गुण, याबाबत नियमावलीत काहीच नव्हतं.

"मग कायमच्या नोकरीचं विसरा," साहेब म्हणाले.

मावशींच्या पोटात गोळा आला. खरं तर तिथे जागा नव्हती.

"थांबा! मला जरा गच्चीवर उन्हात उभं करा. तुमचा लोकरीचा कोट द्या. आणि पाणी मागितलं तरी देऊ नका."

कप पाचवा. शंभर! मावशी रडल्या. कागदी कपाचा थोडा काठही खाल्ला.

साहेब भारावले. त्याच संध्याकाळी परिपत्रक निघालं:

ग्राहकांच्या समाधानात वाढ व्हावी म्हणून दुकानांतले सर्व पंखे दुरुस्तीस पाठवावेत. पिण्याच्या पाण्याचे नळ बंद ठेवावेत. रांग उन्हाच्या बाजूला वळवावी. दुसरा कप हवा असणाऱ्याने पुन्हा शेवटी उभं राहावं.

विक्री गगनाला भिडली. 'असा स्वाद जगात नाही,' असे अभिप्राय येऊ लागले. काही दर्दी मंडळी तर घरून स्वेटर घालून यायची.

"मावशी, तुम्ही कंपनीला दिशा दाखवलीत!"

"मग मी कायम ना, साहेब?"

"आता चाखायला माणूस कशाला? तुमचं काम ऊनच करतंय. आणि ते रजा मागत नाही." साहेबांनी निरोपाची भेट म्हणून एका फुकट कपाचं कूपन त्यांच्या हातावर ठेवलं.

ते कूपन घेऊन मावशी आज रांगेत उभ्या आहेत. बरोबर तुमच्या पुढे. मघाशी तुम्हीच त्यांना विचारलंत, "काय हो मावशी, खरंच एवढं छान असतं?"

"छान कसलं! आत पंखे लावले, तर कुत्रंही फिरकणार नाही."

तुम्ही हसलात. घाम पुसलात. आणि मागच्याने मध्ये घुसू नये म्हणून एक पाऊल पुढे सरकलात.