हिरामण नानांची फेरपडताळणी

हिरामण नानांनी माझ्या दुकानातला पहिला लॅपटॉप तपासला तो चालू करून नव्हे, लटकवून. शर्टाच्या आतल्या खिशातून त्यांनी ताणकाटा काढला, लॅपटॉप भाजीच्या कापडी पिशवीत घातला, पिशवी हुकाला अडकवली आणि काटा डोळ्यांसमोर धरून श्वास रोखून उभे राहिले. मग लॅपटॉप बाहेर काढून नुसत्या पिशवीचं वजन केलं आणि ते वजा केलं. खोक्यावर एक किलो चारशे ग्रॅम छापलं होतं. भरलं एक किलो चारशे तीस.

"तीस ग्रॅम जास्ती," नाना म्हणाले.

"जास्तच आहे ना, नाना. कमी तर नाही."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की, मी नकळत गल्ल्याचा खण बंद केला. "संजू, जो जास्ती देस तो जास्ती लबाड ऱ्हास."

धुळ्यात माझं कॉम्प्युटरचं छोटं दुकान आहे आणि नाना आमच्याच गल्लीत राहतात. वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले, पण ते खात्याला कळलं, नानांना नाही. नोकरीत असताना पारोळ्याच्या बाजारात ते गिऱ्हाईक होऊन शिरत, वांगी घेत, आणि वांगी पिशवीत पडली की दुकानदाराचा काटा उलटा करून पाहत. पारड्याखाली चिकटवलेली लोहचुंबकं त्यांनी किती पकडली असतील देव जाणे. एकदा सख्ख्या साडूचा काटा जप्त केला. "आपला मानूस शे म्हनीसन सोडानं नही," हे त्यांचं ब्रीदवाक्य. साडवाने पुढं बोलणं टाकलं, आणि बिचाऱ्या काकूंचं बहिणीकडे जाणं बंद झालं. काकू जाऊन आता सात वर्षं झाली. नाना एकटेच असतात.

एक मुलगी आहे, जयश्री; मी या गल्लीत आलो तो ती गेल्यावर, म्हणून तिला कधी पाहिलं नव्हतं. बंगलोरला कसल्याशा कंपनीत. गल्लीला एवढंच ठाऊक होतं की, परीक्षा देऊन तिची बापाच्याच खात्यात निरीक्षक म्हणून निवड झाली होती आणि ती नोकरी नाकारून पोरगी खासगीत गेली. नाना तिला म्हणाले, "तू काट्याच्या पलीकडे गेलीस. आता बोलावल्याशिवाय येऊ नको." ती आली नाही, आणि यांनी बोलावलं नाही. याला चार वर्षं झाली. मुलीचं नाव काढलं की नाना चष्मा पुसायला घेत आणि विषय संपे.

तर असा माणूस दर मंगळवारी अकरा वाजता माझ्या दुकानात येऊन स्टुलावर बसू लागला. घ्यायचं काही नाही. तपासायचं.

दुसऱ्याच मंगळवारी त्यांनी चोरी पकडली. खोक्यावर सोळा जीबी मेमरी, पडद्यावर वापरायला साडेपंधरा. "अर्धा जीबी कोठे गया?"

मी समजावलं. चित्रं रंगवायचं काम करणारी चिप पूर्वी वेगळी असे, तिची मेमरीही वेगळी. आता हलक्या लॅपटॉपमध्ये ती मुख्य प्रोसेसरच्याच पोटात बसवतात, आणि ती घरातलीच मेमरी वापरते.

"म्हणजे सून वेगळी राहत नाही. सासूच्याच डब्यातलं पीठ घेते."

"बरोबर."

"मग डब्यावर तसं लिहायला नको?"

मी खोकं चारी बाजूंनी फिरवून पाहिलं. तसं कुठंच लिहिलं नव्हतं.

या पोटातल्या चिपा बनवणाऱ्या कंपन्यांपैकी नानांच्या लेखी दोनच. नाव घेतलं की फुकट जाहिरात होते म्हणून त्यांनी त्यांना थोरली आणि धाकटी अशी नावं ठेवली. या दोघींचं भांडण तुम्ही ऐकलं असेल. थोरली म्हणते मी दीडपट वेगवान, सहा महिन्यांनी धाकटी म्हणते मी तिच्याहून दीडपट. हातात धरून खेळायचे ते छोटे पीसी निघाले आहेत ना, मध्ये पडदा आणि दोन्ही बाजूंना बटणं, त्यांच्यापायी तर दोघी हातघाईवर आल्या आहेत. नाना जाहिरात वाचतच नसत. जाहिरातीच्या तळाशी चांदणी काढून मुंगीएवढ्या अक्षरात जे इंग्रजी छापलेलं असतं ते भिंगाने वाचत, शब्दन् शब्द. "दीडपट, पण कोणाच्या? स्वतःच्याच दोन वर्षांपूर्वीच्या चिपेच्या. हा तर आपल्याच म्हाताऱ्या बैलाशी शर्यत लावून गुलाल उधळायचा प्रकार झाला."

दुकानात दाखवायला ठेवलेला धाकटीच्या चिपेचा एक हातातला पीसी होता. नाना त्यावर गाड्यांची शर्यत लावत, पण शर्यतीत भाग घेत नसत. गाडी एका तळ्याकाठी, झाडांच्या दाटीत उभी करत आणि पडद्याच्या कोपऱ्यात दिसणारा आकडा वहीत उतरवत. सेकंदाला किती चित्रं रंगली, तो आकडा. मागून तेवीस गाड्या हॉर्न वाजवत निघून जात, नाना तळ्याकाठी.

आणि मग धाड पडे. गप्पा मारता मारता, माझ्याकडे बघत, नाना टेबलाखालून पायाच्या अंगठ्याने चार्जरचं बटण बंद करत. मशीनला कळू न देता. लगेच आकड्याकडे पाहत. आकडा साठावरून चाळीसवर आलेला असे.

"पाहिलंस? इन्स्पेक्टर समोर असला की एक वजन, पाठ फिरली की दुसरं."

"नाना, बॅटरी वाचवायला मशीन आपोआप वेग कमी करतं."

"पारोळ्याचा तो चुंबकवाला पण आपोआपच म्हणाला होता."

मग तक्रार. वहीच्या पानावर, निळ्या शाईत, खात्याच्या भाषेत, "उपरोक्त विषयी कळविण्यात येते की". त्या पानाचा फोटो काढून मी दुकानाच्या ईमेलवरून कंपनीच्या ग्राहक कक्षाला पाठवायचा, ही माझी नेमणूक. मी म्हटलं, मराठी तिथं कोण वाचणार? पण चौथ्या दिवशी उत्तर आलं, आणि मराठीत आलं. "आपण निदर्शनास आणून दिलेल्या बाबीची तपासणी केली असता, आपले निरीक्षण योग्य असल्याचे आढळून आले. बॅटरीवरील व चार्जरवरील वेग खोक्यावर स्वतंत्र छापण्याची शिफारस करण्यात येत आहे." खाली नाव नाही, नुसतं "ग्राहक तक्रार कक्ष".

मला संशय यायला सुरुवात झाली ती इथून. एक तर जगातली कुठलीही कंपनी "आढळून आले" असं लिहीत नाही. दुसरं म्हणजे नानांनी थोरलीच्या मशीनची तपासणी तीनदा केली होती, धाकटीच्या मशीनची तीसदा. थोरलीला एकही पत्र नाही, धाकटीला महिन्याला एक, त्यातलं एक डब्यावर न लिहिलेल्या मेमरीबद्दल. माझी बायको म्हणाली, "थोरलीने नेमलेला माणूस असेल हो. नाहीतर अडुसष्टाव्या वर्षी कोण गाडी तळ्याकाठी लावून बसतं?" मला ते पटलं, हे कबूल करतो. मी नानांसमोर दुकानातली कागदपत्रं उलटी ठेवू लागलो. बिचारे माझ्या हातचा चहा पीत आणि मी त्यांच्या वहीकडे चोरून बघत असे.

एका उत्तराच्या शेवटी जास्तीची ओळ होती. "आपली प्रकृती ठीक असेल अशी अपेक्षा आहे." नाना ती ओळ बराच वेळ पाहत राहिले. "कंपनीले मनी प्रकृतीनं काय करनं शे?" असं कुरकुरले, आणि मग त्या उत्तराची छापील प्रत मागितली. एक नाही, दोन.

त्यानंतर धाकटीने जळगावला एका हॉटेलात दुकानदारांची बैठक ठेवली. नवी चिप दाखवायची होती. बंगलोरहून एक इंजिनिअर बाई आल्या होत्या, तिशीच्या, साध्या सुती ड्रेसमध्ये. मशिनी बाजारात विकल्या जाण्याआधी तपासणं हे आपलं काम, असं त्यांनी सांगितलं. समोर हातातला पीसी, भिंतीवर मोठा पडदा, कोपऱ्यात तो आकडा. बोलता बोलता, आमच्याकडे बघत, त्यांनी चप्पल सोडली आणि टेबलाखालून अंगठ्याने चार्जरचं बटण बंद केलं.

मी पहिल्या रांगेत होतो. तो अंगठा मी दर मंगळवारी पाहतो.

आकडा हलला नाही. बाई म्हणाल्या, "न सांगता तपासावं. मी हे घरी शिकले."

जेवणाच्या वेळी मी ताट घेऊन त्यांच्याजवळ गेलो आणि दुकान धुळ्यात आहे एवढंच बोललो. त्यांनी गल्लीचं नाव विचारलं. मी सांगितल्यावर त्यांचा घास हातातच राहिला.

"नाना कसा शेतस?"

इतका वेळ स्वच्छ ऑफिसातलं मराठी बोलणारी बाई एकदम अहिराणीत आली. मग सगळं बाहेर पडलं. पहिलं पत्र आलं तेव्हा ते अख्ख्या ऑफिसात फिरलं. कोणालाच वाचता येईना, म्हणून शेवटी तिच्या टेबलावर आलं. अक्षर पाहून ती उठून जिन्यात जाऊन बसली होती. तेव्हापासून धुळ्याची पत्रं तिच्याकडेच येतात. उत्तरं तीच लिहिते. नाव घालत नाही, कारण नाव पाहून पत्रं बंद झाली तर?

"नानांना माहीत नाही ना, मी वाचते ते?"

"छे," मी म्हटलं. "इथून दीड-दोन तासांचा तर रस्ता आहे. चला ना माझ्याबरोबर."

ती हसली, पण डोळे भरले होते. "बोलावल्याशिवाय येऊ नको म्हणालेत. तुम्ही नानांना ओळखता. ते शब्द मागं घेत नाहीत. आणि मीही त्यांचीच आहे."

मला स्वतःची लाज वाटली. ज्याला मी हेर समजत होतो तो बाप होता.

नवी चिप घातलेलं मशीन पुढल्या आठवड्यात दुकानात आलं. नानांनी तीन मंगळवार त्याला छळलं. अंगठ्याने धाड घातली, दुपारच्या उन्हात ठेवून पाहिलं, गाडी तळ्याकाठी लावून दीड तास बसले. आकडा हलला नाही. शेवटी खोकं घेतलं, भिंग लावलं, आणि एका कडेला छापलेली बारीक इंग्रजी ओळ वाचली. एकूण मेमरीपैकी काही भाग चित्रांच्या चिपेसाठी राखीव आहे, अशी. डब्यावर लिहिलं होतं. भिंग बाजूला ठेवून नाना ती ओळ नुसत्या डोळ्यांनी पाहत राहिले, जी नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही.

"माप बरोबर शे," ते म्हणाले. नानांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. आणि म्हणताना त्यांचा चेहरा पडला होता.

"मग आनंदाची गोष्ट आहे. तसं पत्र लिहा."

"बरोबर असलं की इन्स्पेक्टर पत्र लिहीत नाही, संजू. शिक्का मारतो आणि पुढच्या दुकानाकडे जातो."

वही मिटून ते बसून राहिले. चहा निवला. आता तक्रार नाही म्हणजे उत्तर नाही, एवढं मला कळत होतं. मला राहवलं नाही. त्यांना काय ठाऊक आहे हे काढून घ्यावं म्हणून मी म्हटलं, "नाना, या वेळी इंग्रजीत लिहू. म्हणजे थेट वरच्या साहेबांपर्यंत जाईल."

नाना माझ्याकडे वळले. चांदणीखालचं सगळं इंग्रजी भिंगाने वाचणारा माणूस तो. "बंगलोरना हापिसमा मराठी वाचनारा कितला लोके ऱ्हातीन?"

मी उगाच चार्जरची वायर गुंडाळू लागलो.

"मला पहिल्याच उत्तराला कळलं," ते म्हणाले. "'आढळून आले' हे मी शिकवलं तिला. दहावीत." मग चष्मा काढला, पण पुसला नाही.

थोड्या वेळाने त्यांनी वही पुन्हा उघडली. निळ्या शाईत, एकही खाडाखोड न करता लिहिलं, आणि फोटोसाठी माझ्यापुढे सरकवलं. "उपरोक्त यंत्राची पडताळणी करण्यात आली. माप बरोबर आढळून आले. तथापि नियमानुसार फेरपडताळणी आवश्यक असून, त्या वेळी संबंधितांनी समक्ष हजर राहावे. ठिकाण : आमचे राहते घर, धुळे. जेवणाची व्यवस्था करण्यात आली आहे."

"नाना, सरकारी नोटिशीत जेवणाचं लिहितात का?"

"लिखतस नही," नाना म्हणाले. "तू धाड."

एरवी उत्तराला चार दिवस लागत. या वेळी नाना स्टुलावरून उठायच्या आत आलं. "नोटीस मिळाली. येत्या रविवारी समक्ष हजर राहत आहे. जयू." मी मोबाइल त्यांच्या हातात दिला. त्यांनी भिंग लावून वाचलं, भिंग काढून वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"हाई खरं शे का रे?"

"खरं आहे, नाना."

माझ्या शब्दावर त्यांनी कधी विश्वास ठेवला नव्हता. त्या दिवशी ठेवला. पिशवी उचलली, भरिताची वांगी चांगली कोणाकडे मिळतात असं विचारलं आणि उत्तर न ऐकताच भाजीबाजाराच्या दिशेने चालू लागले. मी मागून दोनदा हाक मारली. ताणकाटा माझ्या काउंटरवर राहिला होता.