शांघायमध्ये आपलं कोणी नाही

सुट्टीत अशा गावी जायचं, जिथे आपल्याला कुणीही ओळखत नाही, असं हिमानीने जाहीर केलं तेव्हा मी लगेच हो म्हणालो. (मी डिशवॉशर भरत होतो आणि वाद घालायला हात मोकळे नव्हते.)

तिचं म्हणणं चूक नव्हतं. लग्न होऊन अमेरिकेत चँडलरला आल्यापासून आमची प्रत्येक सुट्टी भारतात गेली होती, आणि भारतातली प्रत्येक सुट्टी लोकांच्या सोफ्यांवर. सकाळी मावशीकडे पोहे, दुपारी आत्याकडे जेवण, चार वाजता कुणाकडे तरी ‘नुसता चहा’, म्हणजे आधी साबुदाणा वडे, मग नारळाची वडी आणि मग चहा. गेल्या खेपेला नागपूर आणि पुणे मिळून हिमानीने पाहिलेलं एकमेव प्रेक्षणीय स्थळ म्हणजे माझ्या चुलत आत्याच्या फ्लॅटमधलं मॉड्युलर किचन. परतीच्या विमानात ती खिडकीकडे तोंड करून रडत होती. मी विचारलं तर म्हणाली, काही नाही, दमलेय. ते रडणं माझ्या मनातून गेलं नव्हतं. त्यामुळे डिशवॉशर नसता तरी मी होच म्हणालो असतो.

तिच्या अटी स्पष्ट होत्या. कुणाच्या घरी जायचं नाही. कुणाच्या पाया पडायचं नाही. कुणी ‘किती बारीक झालीस’ म्हणायचं नाही आणि ‘केवढी जाड झालीस’ तर मुळीच नाही.

“एक आठवडा, यतीन,” ती म्हणाली. “एकच आठवडा मला नुसतं टुरिस्ट व्हायचंय.”

असं गाव शोधणं मला वाटलं तेवढं सोपं निघालं नाही. लंडनला माझा मामेभाऊ. सिंगापूरला तिच्या वहिनीची बहीण. पॅरिसला कुणी नाही म्हणून आम्ही दोन दिवस खुशीत होतो, तर तिची आई फोनवर म्हणाली, अगं, सुलभामावशीचा जावई तिथेच असतो की, त्याला कळवते. पॅरिस कॅन्सल केलं. शेवटी नकाशावर बोट फिरवत फिरवत आम्ही शांघायला पोचलो. मी आईला नागपूरला फोन लावून खात्री करून घेतली.

“चीनमध्ये आपलं कोणी नाही रे बाबा,” आई काळजीने म्हणाली. स्पीकरवर ते ऐकून हिमानीने टाळी वाजवली.

ग्रीन कार्ड आदल्या वर्षीच हातात आलं होतं, त्यामुळे परत कसं यायचं ही चिंता नव्हती. आमच्या मुलीला, रीमाला, तिच्या नेत्रामावशीकडे अ‍ॅशबर्नला पाठवायचं ठरलं. (“व्हॉटेव्हर,” रीमा म्हणाली. तिच्या भाषेत याचा अर्थ आनंदाने असा होतो.) राहिला प्लॅन. तो मी केला.

मी एका चिप बनवणाऱ्या कंपनीत प्रोसेस इंजिनिअर आहे. मला संसारातलं फारसं काही जमत नाही, पण एक्सेल जमतं. शांघायचा आठवडा मी असा काही आखला की चिनी सरकारने बघून मान डोलवावी. जुनी बाग एका दिवशी, म्युझियम दुसऱ्या दिवशी, कालव्यांचं गाव तिसऱ्या. प्रत्येक ठिकाणाचा रंग वेगळा, आणि शेवटी ‘पाऊस पडल्यास’ असा एक कॉलम. हिमानीने त्याची प्रिंट फ्रिजवर लावली. रोज सकाळी चहाचा कप घेऊन ती त्या प्रिंटसमोर उभी राहायची. ‘बंड, नदीकाठचा रस्ता, सूर्यास्त’ असं जिथे लिहिलं होतं तिथे तिने पेन्सिलीने एक छोटी चांदणी काढली होती. ती चांदणी बघून मला स्वतःचा फार अभिमान वाटला, आणि तिथेच माती खाल्ली.

कारण त्या अभिमानाच्या भरात मी तो प्लॅन ऑफिसात ली वेइला दाखवायला नेला. ली माझ्या शेजारच्या क्यूबमध्ये बसतो आणि मूळचा शांघायचा आहे. त्याने जेवणाच्या सुट्टीत सगळा प्लॅन बारकाईने वाचला, दोन मेट्रो स्टेशनं बदलली, आणि उत्तम आहे म्हणाला. मला भरून आलं. उठता उठता मी म्हणालो, “काही पाठवायचं असेल घरी, तर अगदी निःसंकोच सांग हं.”

आता हे वाक्य म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. नागपूरच्या घरात वाढलेला मुलगा हे वाक्य चालायला लागल्याबरोबर शिकतो. त्याचं उत्तरही ठरलेलं असतं. समोरच्याने ‘छे छे, कशाला उगाच त्रास’ म्हणायचं, आपण ‘त्रास कसला’ म्हणायचं, आणि दोघांनी समाधानाने आपापल्या घरी जायचं. (हिमानी पुण्याची. तिच्याकडे हे वाक्यच नाही.)

लीने ‘छे छे’ म्हटलं नाही. त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला, थँक्यू म्हणाला, आणि खिशातून पेन काढून आईचा पत्ता लिहायला लागला.

दुसऱ्या दिवशी त्याने व्हिटॅमिनच्या बाटल्यांची पिशवी आणली, वर अमेरिकन जिनसेंग या औषधी मुळीचा डबा. हरकत नव्हती. पण आमच्या डिपार्टमेंटमध्ये निम्मे लोक चिनी आहेत आणि त्यातले निम्मे शांघायचे. आठवड्याच्या आत माझ्या क्यूबला रांग लागली. कुणाच्या सासूसाठी फिश ऑइल, कुणाच्या काकांसाठी चॉकलेटं, आणि चेन नावाच्या अबोल माणसाने आजीच्या पायांसाठी आणलेलं मसाज करायचं मशीन, ज्याचं खोकं आमच्या मायक्रोवेव्हपेक्षा मोठं होतं. नाही म्हणायला मी प्रत्येक वेळी तोंड उघडायचो आणि त्यातून ‘त्रास कसला’ बाहेर पडायचं.

खरा घाम मला फुटला तो लीने निरोप आणला तेव्हा. त्याची आई म्हणाली होती की माझ्या मुलाचा मित्र जेवल्याशिवाय जाणार नाही. मी मांस खात नाही हे ऐकून तिला वाईट वाटलं होतं, पण आता ती सावरली होती आणि तीन प्रकारचं टोफू करणार होती. शेजारीही येणार होते. हे ऐकून चेनच्या आजीनेही बोलावलं. मग सगळ्यांनीच.

हिमानीला हे सांगणं आवश्यक होतं. म्हणून मी सगळं सामान गराजमध्ये लपवलं, वर ताडपत्री टाकली आणि माझी गाडी बाहेर उन्हात उभी करायला लागलो. गराज साफ करायला काढलंय, असं तिला सांगितलं. (एवढ्या वर्षांत मी गराज कधीच साफ केलं नव्हतं. ही बतावणी तिने खरी मानली, त्यावरून ती प्लॅनमध्ये किती रमली होती ते कळावं.)

वाळवंटातल्या चँडलरमध्ये जून महिन्यात गराज म्हणजे भट्टी असते, हे प्रोसेस इंजिनिअरच्या लक्षात यायला हवं होतं. एका शनिवारी मी केस कापून घरी आलो तर दारात पेस्ट कंट्रोलची गाडी. हिमानी नाकाला ओढणी लावून अंगणात उभी होती. गराजमध्ये नक्की काहीतरी मेलंय, ती म्हणाली, मांजर असेल किंवा त्याहून मोठं. आणि मला काही बोलायची संधी मिळायच्या आत पेस्ट कंट्रोलवाला तोंडाचा मास्क काढत बाहेर आला.

“मेलेलं काही नाही, मॅडम,” तो म्हणाला. “पण एक बराच मोठा मासा वितळलाय.”

फिश ऑइलच्या सगळ्या गोळ्यांचा एक गोळा झाला होता. त्यात चॉकलेटं मिसळली होती. तो माणूस गेल्यावर हिमानीने ताडपत्री उचलली.

“हे काय आहे?”

“पार्सलं.”

“कुणाची?”

“लीच्या आईची. कुणाच्या तरी सासूची. आणि ते मोठं चेनच्या आजीचं.”

“तू त्यांना काय म्हणालास?”

“काही विशेष नाही. आपलं नेहमीचंच.”

तिला नेहमीचं म्हणजे काय ते बरोबर माहीत होतं. मग जेवणांची आमंत्रणंही सांगावी लागली. त्या वासात ती गराजच्या पायरीवर बसली. ती चिडली असती तर मला सोपं गेलं असतं.

“यतीन, शांघायमध्ये आपलं कोणी नव्हतं,” ती हळू म्हणाली. “आता सगळं शांघाय आपलं आहे.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हणालो, सोमवारी सगळ्यांचं सगळं परत करतो. मग तिने विचारलं की लीची आई नक्की काय काय करणार आहे. मी तीन प्रकारच्या टोफूचं सांगितलं.

“म्हणजे तिने आत्तापासून तयारी सुरू केली असेल,” ती म्हणाली. “मुलाकडचं माणूस येणार म्हणून. परत नाही द्यायचं. पण माझा आठवडा मी कुणाला देणार नाही.”

ती घरात गेली, फ्रिजवरचा प्लॅन काढला आणि पर्समध्ये ठेवला. हा माझा, तुझा तू दुसरा कर, असं मला सांगण्यात आलं. मी वितळलेलं सगळं नवीन विकत आणलं आणि दुसरा प्लॅन केला. त्यात म्युझियम नव्हतं, बाग नव्हती, ‘पाऊस पडल्यास’ हा कॉलमही नव्हता, कारण पाऊस पडला तरी जेवायचं होतंच. माझ्या दोन्ही बॅगा पार्सलांनी भरल्या. माझे स्वतःचे दोन शर्ट हँडबॅगेत मावले.

शांघायमध्ये आम्ही रोज सकाळी हॉटेलच्या दारात एकमेकांचा निरोप घ्यायचो. ती कॅमेरा घेऊन मेट्रोकडे, मी पाठीवर पोतं घेऊन टॅक्सीकडे. शांघाय कसं आहे म्हणाल, तर अगदी आमच्या नागपूरसारखं आहे. सोफ्यावर विणलेली आच्छादनं, भिंतीवर मुलाचा पदवीदानाचा फोटो, समोर कापलेल्या फळांची बशी, आणि बशी रिकामी झाली की आपला पराभव झाला असं समजणारी आई. लीच्या आईने मला लीची खोली दाखवली. पलंगावर ताजी चादर घातलेली होती. तो तीन वर्षांत आला नव्हता. मला एकदम माझी आई आठवली आणि मी टोफू तिसऱ्यांदा घेतलं.

तिसऱ्या दिवशी माझ्या एका शर्टवर सोया सॉस सांडला आणि दुसऱ्याची बटणं लागेनाशी झाली. लीच्या वडिलांनी स्वतःचं ढगळ निळं जॅकेट मला दिलं आणि पाऊस होता म्हणून वर टोपीही.

हिमानीने मात्र प्लॅन तंतोतंत पाळला. अडचण एकच होती. नूडल्समध्ये मांस नाही ना असं विचारून मागवले तरी तळाशी खिमा निघायचा. ती केळ्यांवर आणि घरून आणलेल्या खाकऱ्यांवर राहिली होती. रात्री ती मला फोटो दाखवायची आणि मी तिला मेन्यू सांगायचो. बंडवरचा सूर्यास्त बघून आली त्या दिवशी मी विचारलं, कसा होता.

“सुंदर होता,” ती म्हणाली. “पण ‘बघ ना’ म्हणायला शेजारी कुणी नव्हतं.”

विषय बदलावा म्हणून मी त्या दिवशीच्या कमळकाकडीच्या भाजीचं वर्णन करायला घेतलं. तिने हातातला खाकरा खाली ठेवला.

“उद्या कुणाकडे आहे?”

“चेनच्या आजीकडे. शेवटचं घर.”

“मी येते. फक्त जेवायला. पाया पडणार नाही.”

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही गेलो. हिमानी पुढे, इस्त्रीचा कुर्ता, खांद्यावर कॅमेरा. मी मागे, निळं जॅकेट, टोपी, आणि डोक्यावर मसाजचं मशीन. चेनची आजी दारातच उभी होती. भाषांतरासाठी तिने शेजारच्या एका इंग्रजीच्या शिक्षिकेला बोलावलं होतं. आजीने हिमानीचे दोन्ही हात धरले.

“अमेरिकेहून आलेल्या इंजिनिअर मॅडमचं आजी स्वागत करतायत,” शिक्षिका म्हणाली.

हिमानीने माझ्याकडे पाहिलं. मी खुलासा करायला तोंड उघडलं, पण डोक्यावर मशीन असल्यामुळे जरा वेळ लागला. तेवढ्यात हिमानीने थँक्यू म्हटलं आणि ती आत जाऊन सोफ्यावर बसली. मला आजीने दारापाशी, चपलांशेजारचं स्टूल दाखवलं.

मग आजीने हिमानीच्या गालावरून हात फिरवला आणि ती काहीतरी पुटपुटली.

“आजी म्हणतायत, किती बारीक झालीस.”

(आजी तिला आयुष्यात पहिल्यांदा बघत होती.) मला वाटलं, संपलं, आता ही उठणार. हिमानी उठली खरी. डोळ्यांत पाणी, चेहऱ्यावर हसू, आणि वाकून तिने आजीच्या पायांना हात लावला. आजी गोंधळली, बहुधा मशीनविषयीच काही असावं असं समजून पाय पुढे करून बसली.

टेबलावर जेवण आलं. कमळकाकडी, मशरूम, हिरव्या पालेभाज्या, वाफाळता भात. हिमानी नुसती जेवत होती. मी स्टुलावरून बघत होतो. थोड्या वेळाने आजीचं लक्ष माझ्याकडे गेलं आणि तिने शिक्षिकेच्या कानाशी लागून काही विचारलं.

“आजी विचारतायत,” शिक्षिका हिमानीला म्हणाली, “तुमच्या हमालाला इथेच वाढायचं, की तो बाहेर खाऊन घेईल?”

हिमानीने कमळकाकडीचा घास नीट संपवला, तोंड पुसलं.

“इथेच वाढा,” ती म्हणाली. “पण थोडंच. आठवडाभर तो दुसरं काही करतच नाहीये.”