एक क्लिक कमी

सासरेबुवांना पाणीपुरवठा खात्याची वेबसाइट दाखवायची, एवढंच मी रविवारी सकाळी ठरवलं. (मी ठरवलेल्या गोष्टींचं पुढे काय होतं ते माझ्या बायकोला विचारा. किंवा नकोच, विचारू नका.)

सरकारी वेबसाइट लोकांना वापरायला सोप्या आहेत की नाही, हे तपासणं ही माझी नोकरी. कुठल्या कामाला किती क्लिक लागतात ते बघायचं आणि जास्त वाटले की शेरा मारायचा. शेरे मारण्यात माझा हातखंडा आहे.

"सरकारी आणि सोपी?" सासरेबुवा म्हणाले. ते निवृत्त हेडमास्तर. जावई म्हणून त्यांनी मला अजून पास केलेलं नाही.

मी साइट उघडून आमच्याच घरचा ग्राहक क्रमांक टाकला. "बघा, नळजोड बंद करायचा म्हटलं तरी किती सोपं," असं म्हणत बटण दाबलं. आता 'आपली खात्री आहे का?' असं विचारणारं पान येईल, तिथून मागे फिरू, असा माझा बेत होता.

ते पान आलंच नाही. 'आपली विनंती मान्य झाली आहे. धन्यवाद' असं मात्र आलं.

मग मला आठवलं. ते पान गेल्याच महिन्यात काढून टाकलं होतं. 'नागरिकाला उगाच एक जादा क्लिक' असा शेरा मारून. शेरा माझाच.

"सोपं आहे खरं," सासरेबुवा म्हणाले.

विनंती मागे घ्यायचं बटण साइटवर कुठेच नव्हतं. हेल्पलाइनला रविवारची सुट्टी. बायको सरळ उठून पाणी भरायला लागली. बादल्या, पातेली, थर्मास, फुलदाणी, काही म्हणता काही रिकामं ठेवलं नाही. सासरेबुवांनी कवळीची वाटी तेवढी छातीशी धरून वाचवली.

सोमवारी सकाळीच बेल वाजली. दारात हातात पाना घेतलेला माणूस.

"पाणीखात्यातून आलोय. नळ बंद करायचा अर्ज आहे तुमचा," तो म्हणाला. "नक्की बंद करायचाय ना?"

"नाही," आम्ही तिघंही एका सुरात म्हणालो. मला इतकं हायसं वाटलं की त्याला मिठीच मारणार होतो. (पान्याकडे बघून विचार बदलला.)

"तरी म्हटलं, विचारून घ्यावं," तो अर्जावर काट मारत म्हणाला. "पूर्वी साइटच विचारायची. कुणा दीडशहाण्यानं ते काढून टाकलं, तेव्हापासून आम्ही दारोदार विचारत फिरतोय. एकदा भेटायला हवा तो."

"चहा घेऊन जा," मी घाईघाईनं विषय बदलला.

"घ्याच," बायको म्हणाली. "तो दीडशहाणा स्वतः करून आणतोय. आणि पाण्याची काळजी नको, भरपूर आहे घरात."