मेश्रामकाकांची वजनवही

मेश्रामकाका कोणाला 'कसे आहात' असं विचारत नाहीत. माणूस समोर आला की ते त्याला पायापासून डोक्यापर्यंत एकदा बघतात आणि आकडा सांगतात. "प्रिन्सिपल साहेब, बहात्तर. दिवाळीत सत्तर होते." साहेबांनी जिद्दीनं वजन करून पाहिलं, तर बहात्तर किलो दोनशे ग्रॅम निघालं.

"दोनशे त त्याइच्या बुटाचे," काका म्हणाले.

बालाघाटच्या आमच्या फार्मसी कॉलेजात काका उंदीर सांभाळतात. इमारतीच्या मागे दोन खोल्या आहेत. आम्ही त्यांना अ‍ॅनिमल हाऊस म्हणतो, काका 'वार्ड' म्हणतात. त्याआधी ते लालबर्र्याच्या एका राइस मिलमध्ये धानाचे कट्टे, म्हणजे पोती, तोलत. "मिलवाल्यानं ट्रकचा काटा बसवला अन मले उठवलं," एवढंच ते त्याबद्दल सांगतात. पण सवय गेली नाही. त्यांच्या मोहल्ल्यातल्या बाया तान्ही लेकरं आणून त्यांच्या हातावर ठेवतात. काका डोळे मिटून म्हणतात, "चार किलो शंभर. लंगोट ओला हाय, म्हनून चार धर."

मी राजेगावचा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. मुलगा उंदरांना सुया का टोचतो हे बाबांना अजून नीट समजलेलं नाही.

"गावात इचारते त काय सांगू?"

"सांगा, औषधाचा अभ्यास करतो."

"अन उंदराचं काहून?"

तर ते काहून, हे इथेच सांगून टाकतो. कॅन्सरवर केमोत देतात असं एक औषध आहे. ते रोगाला मारतं, पण सोबत माणसालाही पिळून काढतं. भूक जाते, तोंड येतं, अंग वाळतं. उंदरांचंही तसंच होतं, आणि ते आधी वजनात दिसतं. आपल्याकडच्या एका वनस्पतीचा अर्क सोबत दिला तर ही घसरण थांबते का, हे मला बघायचं होतं. म्हणून उंदरांचे तीन गट केले. एक साधा, एक नुसत्या औषधाचा, एक औषध आणि अर्काचा. नुसत्या औषधाच्या गटाचं वजन घसरायलाच हवं, नाहीतर अर्कानं कोणाला कशापासून वाचवलं हे सांगणार कसं? उंदरांची परवानगी मोठ्या मिनतवारीनं मिळाली होती, आणि माझी एम.फार्म. त्यांच्या वजनावर टांगलेली होती.

रोज सकाळी दहाला वजनं. काका उंदराला शेपटीनं उचलू द्यायचे नाहीत. तळहातावर घ्यायचे, दुसऱ्या हातानं झाकायचे आणि जाहीर करायचे, "दोनशे चौदा. लिव."

"काका, आधी काट्यावर ठेवा. नियम आहे."

"नियम त मिलमधीबी होता. तोलताना कट्ट्यावर कोनी बसू नये. मालकच बसे."

काट्यावर दोनशे चौदाच यायचे. पिंजऱ्यांना मी नंबर दिले होते, पण काकांनी उंदरांना तांदळाची नावं दिली. नाजूक असेल तो चिन्नोर, मध्यम असेल तो लुचई, आणि एक आडदांड होता तो गुरमटिया. माझ्या रजिस्टरात 'पिंजरा ७' असायचं आणि काका ओरडायचे, "चिन्नोर आज उदास हाय बाबू, सुई हळू मार."

दुसऱ्या आठवड्यात भलतंच झालं. नुसत्या औषधाच्या गटाचं वजन थोडं उतरलं आणि तिथेच थांबलं. माझ्या गाइड मॅडमनी तक्ता पाहिला, चष्मा काढला.

"बेटा, दवा दी है या पानी?"

"दवा ही दी है मॅडम."

"तो चूहों को बताया नहीं क्या?"

मला हसू आलं नाही. सोमवारपर्यंत कारण सापडलं नाही तर काम बंद, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी दहाऐवजी साडेसातलाच पोचलो.

काका नुसत्या औषधाच्या पिंजऱ्यांपुढे मांडी घालून बसले होते. समोर तांदळाच्या पेजेची वाटी, भिजवलेले चणे, गुळाचा खडा, आणि माझा इलेक्ट्रॉनिक काटा. काट्यावर चमचा होता.

"काका! हे काय चाललंय?"

"थांब. सहा ग्रॅम झाले का पाहू दे."

"अहो, हे नुसत्या औषधाचे उंदीर आहेत!"

"हौ. म्हनूनच त देऊन राह्यलो. बाकीचे बरे हायेत, त्याइले काहून देऊ?"

माझा आवाज चढला. माझी डिग्री गेली, बाबांना काय सांगू, असं बरंच काही मी बोललो. काकांनी वाटी खाली ठेवली, हात पुसले आणि खिडकीतून एक वही काढली.

"काही गेलं नाही. सारं लिवलं हाय."

खरंच लिहिलं होतं. रोजचं, पिंजऱ्याप्रमाणे. पेज किती ग्रॅम, चणे किती, गूळ किती, खाल्लं किती, टाकलं किती, दुसऱ्या दिवशी वजन किती. चिन्नोरपुढे शेरा होता, 'गूळ नाही म्हनते. पेज चालते.' माझ्या रजिस्टरपेक्षा ती वही नीटनेटकी होती. चोरी केली होती, पण तीही तोलून.

पानाच्या तळाशी आणखी एक नाव दिसलं. गोदा. पुढे एक्केचाळीस किलो.

"काका, हा कोणता उंदीर?"

"ते घरची हाय."

काकांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "तू बाटली आनली न पहिल्या दिवशी, तिच्यावरचं नाव अन घरचीच्या कागदावरचं नाव एकच. मी कागद आनून जुळवून पाह्यलं, अक्षर न अक्षर. नागपूरचे डॉक्टर म्हनते, वजन टिकवा. तिच्या त पोटात काही ठरत नाही. म्हनलं, येथ इतके झन त्याच औषधावर हायेत. पाहू त, याइले काय पचते. ज्यानं वजन टिकन ते घरी रांधू."

मी त्यांना शिकवायला गेलो. म्हणालो, "काका, उंदराला चाललं ते माणसाला चालेलच असं नसतं."

"मंग तू काहून करून राह्यला?"

मी वही मिटून त्यांच्या हातात दिली.

काका स्वतःच मॅडमकडे गेले आणि वही टेबलावर ठेवून उभे राहिले. मॅडमनी बराच वेळ वाचली. मग निकाल दिला की सगळं पुन्हा करायचं, नवी परवानगी, नवे उंदीर, सहा महिने. "मेश्रामजी, अब चूहों को एक दाना भी नहीं," त्या म्हणाल्या आणि कागदावर आहारतज्ज्ञ बाईंचा फोन नंबर लिहून दिला. "भाभीजी का खाना इनसे पूछिए, चूहों से नहीं." मला म्हणाल्या, वहीची नक्कल करून ठेव, इतका प्रामाणिक गोंधळ फेकायचा नसतो.

त्यासाठी रविवारी मी काकांच्या घरी गेलो. काका दूध आणायला गेले होते. अंगणात मिलमधला जुना लोखंडी काटा होता आणि त्याच्याजवळ डोक्याला रुमाल बांधलेल्या गोदाकाकू खाटेवर बसून वाटाणे सोलत होत्या.

"तूच का बाबू, उंदीरवाला? मले उंदराच्या लायनीत बसवलं म्हने ह्याइनं."

मी ओशाळलो. त्या हसल्या. "बरं झालं. नुसती एकटीच होती मी या औषधावर. आता सोबत झाली."

मग फाटकाकडे बघून त्यांनी आवाज बारीक केला. "दर सोमवारी मले या काट्यावर उभं करते. आकडा उतरला की हेच दोन दिस जेवत नाही. मी बिमार, अन उपाशी हे. म्हनून मी ओच्यात कुलूप ठेवतो. सांगशीन नको, बरं."

"काकांना समजत नाही?"

"साऱ्या दुनियेचं समजते त्याइले. माझं नाही समजत," काकू म्हणाल्या. त्यांना या फसवणुकीचा फार अभिमान होता.

काका दूध घेऊन आले. मला बघून म्हणाले, "छप्पन. टेन्शननं दोन किलो गेले तुझे," आणि वही आणून दिली.

खोलीवर येऊन मी नक्कल करायला बसलो. चिन्नोर झाला, लुचई झाला, गुरमटिया झाला. मग पहिल्या सोमवारच्या पानाची तळाची ओळ आली. 'गोदा. ४१ किलो ६००.' त्याखाली पेन्सिलीनं, अगदी बारीक अक्षरात, त्या दिवशी घाईत मला न दिसलेलं, 'कुलूप ३५०.'

मी पुढच्या सोमवारचं पान काढलं. 'गोदा. ४१ किलो ७००.' खाली पेन्सिलीनं, 'कुलपं दोन. ७००.'

आणि शेऱ्याच्या जागी, शाईनं: 'वाढली म्हनून सांगतलं. हासली. वाटीभर भात खाल्ला.'