लिंडक्विस्टांचा पोहण्याचा तलाव

"अंगणात एवढा खड्डा कशाला खणतोयस रे?" शेजारच्या एल्मर कोझॅकने कुंपणावरून विचारलं, आणि व्हर्नन लिंडक्विस्टच्या तोंडून निघून गेलं, "पोहण्याचा तलाव!"

खरं तर ते अणुबॉम्बपासून लपायचं तळघर होतं. त्यांच्या ओमाहा शहराला लागूनच बॉम्बफेकी विमानांचा तळ. रशियाचा पहिला बॉम्ब आपल्याच टाळक्यात पडणार, या धास्तीने व्हर्ननच्या जिवाला चैन नव्हती. डोक्यावरून विमान गेलं की त्याचा घास हातातच राहायचा. तळघरात जागा मात्र चौघांपुरतीच. तो, बायको बर्निस आणि दोन मुली.

"ऐन वेळी कोझॅक दारात आले तर? सात माणसं आहेत ती," बर्निस म्हणाली.

"म्हणूनच सांगायचं नाही कुणाला. आतून कडी बसवलीय."

"मुलींना गोवर आला तेव्हा त्यांना सूप कुणी पाजलं रे?"

तरी व्हर्ननने कडी काही काढली नाही.

इकडे तलावाच्या बातमीने कोझॅकांची पोरं हरखली. रोज कुंपणाशी येऊन "काका, झाला का?" अशी भुणभुण. खड्ड्यावर छत घातलं, माती पसरली, तेव्हा व्हर्ननने ठोकून दिलं, "उद्घाटनापर्यंत झाकून ठेवलाय." मातीतून फक्त झाकण आणि हवेसाठी एक पाइप वर आला होता.

मंगळवारी जेवणं चालू असताना हवाई हल्ल्याचा भोंगा झाला. भोंग्याची चाचणी तर शनिवारी असते! व्हर्ननने मुलींना बखोटीला धरलं, धावत जाऊन झाकण उघडलं, आणि तो मट्कन खालीच बसला. आत काठोकाठ पाणी, वर बिस्किटांचे डबे तरंगताहेत.

"कसा वाटला?" एल्मर धापा टाकत आला. "म्हटलं, तुला चकित करू. कालपासून त्या पाइपात नळी सोडली होती. आता ऊठ! चला आमच्याकडे."

त्याने बटाट्याच्या कोठाराचं दार उघडलं. खाली कोझॅकांचं तळघर होतं, आणि भिंतीशी अकरा खुर्च्या.

"अकरा?" व्हर्ननने पुन्हा मोजून पाहिल्या.

"तुम्हाला धरूनच खणलं. सांगितलं नाही, कारण तू बिचारा तलावाच्या आनंदात. उगाच कशाला घाबरवायचं?"

व्हर्ननला मेल्याहून मेल्यासारखं झालं. थोड्या वेळाने रेडिओ म्हणाला, भोंग्याची तार बिघडली होती, घाबरू नका. मोठी माणसं मागाहून वर येऊन पाहतात तो पोरं पोहायचे कपडे घालून झाकणाशी हजर.

"आधी डबे बाहेर काढा रे," व्हर्नन ओरडला.

"तलावात बिस्किटं?" एल्मरने विचारलं.

"पोहल्यावर भूक लागते ना."

"बरं." एल्मर वाकला, झाकणाच्या आतल्या बाजूवरून त्याने हात फिरवला आणि तिथली कडी एकदा सरकवून पाहिली. मग उठून हात पुसत म्हणाला, "ही कडी तेवढी काढून टाक, व्हर्नन. एखादं पोर आत अडकायचं."

"आत्ता काढतो," म्हणत व्हर्नन खाली मान घालून पेचकस आणायला गेला.