चांदवडकरकाकांची झोपलेली मंडळी

चांदवडकरकाका आमच्या घरी आले की माणसांची विचारपूस नंतर. आधी फ्रिज उघडतात. खालच्या कप्प्यातल्या चार बाटल्यांना, ताप बघावा तसा उलटा हात लावतात आणि कुजबुजतात, "झोपलीत मंडळी. छान!" मग माझ्याकडे वळून, "कशी आहेस गं वैशाली?" म्हणजे माझ्याच घरात माझा नंबर बाटल्यांनंतर!

या बाटल्यांत काकांनी घरी केलेली जिंजर बिअर असते. दचकू नका, नावातच काय ती बिअर. आत आलं, लिंबू, साखर आणि चिमूटभर यीस्ट. प्यायल्यावर फार तर ढेकर येते. पण आम्ही राहतो दोह्यात, अल सद्दला, आणि काका भर लिफ्टमध्ये विचारणार, "काय गं, तुझ्याकडची बिअर कशी आहे?" लिफ्टमधले सगळे माझ्याकडे बघत राहायचे. शेवटी मीच हात जोडले, "काका, मंडळी म्हणा हो!" तेव्हापासून मंडळी.

काका गॅस प्लँटमध्ये सेफ्टीचे साहेब. "प्रेशरशी मस्करी नाही" हे वाक्य ते आमच्या कुकरची शिट्टी झाली तरी म्हणतात. त्यांचं शास्त्र असं: बाटलीत गॅस पुरेसा धरला की तिला लगेच फ्रिजमध्ये ठेवायचं. गारव्यात यीस्ट झोपतं. बाहेर राहिलं तर ते जागं राहून गॅस करतच बसतं आणि बाटली फुटते. बाटली उभी हवी, म्हणजे गाळ तळाशी बसतो. आणि फ्रिजच्या दारात तर मुळीच नको. "दार दिवसभर उघड-बंद होतं गं, सगळा गाळ ढवळून निघतो!" आमची लेक इरा एकदा म्हणाली, "काका, दे आर जस्ट बॉटल्स." काकांनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू! ऐकतील."

स्वतःचा फ्रिज "ठासून भरलाय" म्हणून ही मंडळी बिल्डिंगभर वाटलेली. थोडी आमच्याकडे, थोडी वरच्या कुलकर्ण्यांकडे, थोडी खालच्या मॅथ्यूंकडे. रोज संध्याकाळी "यल्ला, चला, हजेरी!" करत काकांची फेरी निघते. हजेरीला अर्धं मिनिट पुरतं, पुढचा चहा तासभर चालतो. काकू नाशिकला, काकांच्या अंथरुणाला खिळलेल्या आईपाशी. त्यामुळे चहाबरोबर पोहेही होतात. पोह्यांचं काही नाही हो. पण माझा तो खालचा कप्पा! दूध कुठे ठेवू, कोथिंबीर कुठे ठेवू? मला तो कप्पा परत हवा होता आणि काकांच्या तोंडावर सांगवत नव्हतं.

यंदा गणपतीत पाहुणे जेवायला होते आणि श्रीखंडाचं पातेलं फ्रिजमध्ये काही केल्या मावेना. मी मंडळींना उचललं आणि "पाचच मिनिटं" म्हणून बाल्कनीत ठेवलं. दोह्याच्या सप्टेंबरातल्या उन्हात! आणि साफ विसरले.

आरती ऐन रंगात आली आणि बाल्कनीत धडाम! पाठोपाठ आणखी एक. माझ्या नवऱ्याच्या, मिलिंदच्या, हातातलं तबक पडता पडता राहिलं. आणि काका गरजले, "एव्हॅक्युएट! लिफ्ट नको, जिना!" पैठण्या नेसलेल्या बायका, टाळ, झांजा, मोदकांचं ताट, सगळी वरात खाली पार्किंगमध्ये. तिथे काकांनी रांगा लावून डोकी मोजली. वॉचमन धावत आला, "क्या हुआ साब?" काका गंभीरपणे म्हणाले, "मंडली जाग गया."

कुणाला काही लागलं नाही. पण बाल्कनीभर काचा, आणि वाळत घातलेल्या चादरींना आल्याचा वास. माझं डोकंच फिरलं. काकांनी उरलेल्या दोन बाटल्या हलक्या हाताने बर्फाच्या बादलीत बसवल्या होत्या. ती बादली मी उचलली. "काका, खलास! या आता तुमच्याकडे."

काकांचा चेहरा एवढासा झाला. "अगं, माझ्या फ्रिजमध्ये जागा नाही."

"करू की जागा!"

मी तरातरा समोर त्यांच्या फ्लॅटमध्ये शिरले. मागून काका, "राहू दे गं, मी बघतो, राहू दे..." तोवर मी फ्रिज उघडलासुद्धा.

दोन दारांचा भला थोरला फ्रिज. आत अर्धं लिंबू, लबनची, म्हणजे इथल्या ताकाची, बाटली आणि वाटीखाली झाकलेला कालचा भात. बस्स! अख्ख्या बिल्डिंगची मंडळी तिथे आरामात झोपली असती.

मी वळून पाहिलं. एवढे सेफ्टीचे साहेब, पण उपरण्याचं टोक पिळत उभे होते. म्हणाले, "सगळ्या इथेच ठेवल्या, तर संध्याकाळी बेल कुणाची वाजवू गं?"

माझा राग कुठच्या कुठे गेला. मी फ्रिज बंद केला आणि बादली पुन्हा उचलली.

"काका, तुमचा फ्रिज काही नीट गार करत नाही हो. मंडळी उठतील. आमच्याकडेच बऱ्या."

मी बाहेर पडताना मागून हळूच आवाज आला, "वैशाली, उभ्याच ठेव हं. दारात नको."